घळीतला तिसरा बांध

आमळखेड्याच्या घळीत द्रौपदाबाईंनी दोन बांध बांधले होते आणि दोन्ही गेले होते. पहिला काठाकडून फुटला. चूक कुठे झाली ते त्यांना दुसऱ्याच दिवशी समजलं. दुसऱ्याचं मात्र कोडं होतं. भाद्रपदातल्या एका सकाळी त्या बघायला गेल्या, तर बांधाच्या मधोमध बैल मावेल एवढा खड्डा पडलेला, आणि त्यांनी एकेक करून रचलेले दगड त्या खड्ड्यात. वरून पाणी गेल्याची खूणसुद्धा नव्हती.

आमळखेडे धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्यापासून अर्ध्या तासावर. गावामागे काळ्या खडकाची टेकडी, पायथ्याला काळी कसदार जमीन, आणि त्या जमिनीला चिरत दर पावसाळ्यात चार-सहा हात पुढे सरकणारी घळ. पाच वर्षांत तिनं भटू नानांचं दोन बिघे वावर खाल्लं होतं.

द्रौपदाबाई छप्पन्न वर्षांच्या. चौदाव्या वर्षी रोजगार हमीच्या कामावर गेल्या, त्यांनी आधी दगड वाहिले, मग फोडले. पुना मिस्तरी नावाच्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं त्यांचा हात बघून त्यांना रचायला शिकवलं. टेकडीवरच्या ओहोळांमध्ये त्यांच्या देखरेखीखाली झालेले एकतीस दगडी बांध आजही जागेवर होते. गावानं चार वर्षं टेकडीवर गुरं सोडली नव्हती, त्यामुळे तिथं मांडीइतकं गवत उभं राहायचं. या सगळ्याचं श्रेय गाव त्यांनाच देत असे. पण घळीतला दुसरा बांध खचला आणि चावडीवर लोक बोलायला लागले, "टेकडीवर बाईचं चालस. काळीम्हा नही चालस." द्रौपदाबाई ऐकून घेत. बांध का खचला तेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांना जास्त लागत होतं.

त्यांची मुलगी प्रज्ञा जळगावला भूशास्त्र शिकली आणि तिथल्याच एका जलसंधारण संस्थेत लागली. या संस्थेनं इथिओपियातल्या एका शेती केंद्राशी करार केला होता. करारातली भाषा जड होती, पण मुद्दा सोपा होता. इथला आणि तिथला डोंगराळ भाग एकाच प्रकारे घडलेला. लाव्हाचे थरावर थर, त्याचा काळा खडक, त्या खडकाची झिजून झालेली काळी चिकण माती, वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे आणि उरलेल्यात धो-धो. तेव्हा एकमेकांची कामं बघायची, एकमेकांच्या चुका बघायच्या, आणि उपयोगी पडेल ते उचलायचं.

प्रज्ञानं पाच गावांचे फोटो पाठवले होते, गावांची नावं न लिहिता. तिकडून उत्तर आलं: ज्या बांधात खड्डा पडलाय ते गाव बघायचं आहे.

"चांगली कामं दाखवायची सोडून पडलेलं दाखवायचं?" प्रज्ञाचे साहेब म्हणाले.

"त्यांनी तेच मागितलंय, सर."

ते माझ्या आईचं काम आहे, हे तिनं तिथं सांगितलं नाही. आईला मात्र फोनवर सांगावंच लागलं.

"मना पडेल बांध देखाले इतला लांबथून येतीन?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"येऊ दे मंग."

फेब्रुवारीच्या अखेरीला चार पाहुणे आले. तिघं शास्त्रज्ञ होते, ते दोन दिवसांनी जळगावचे ठिबकचे कारखाने बघायला गेले. चौथी वर्कनेश मागे राहिली, द्रौपदाबाईंच्याच घरी. चाळिशीची, उंच, डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेलं. अकरा वर्षं ती तिकडच्या डोंगरात गावोगाव पायी फिरून शेतकऱ्यांना घळी बुजवायला शिकवत होती. तिची भाषा अम्हारिक, पण इंग्रजी चांगलं होतं. प्रज्ञा दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. पहिल्या जेवणाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. पाहुणीला झेपेल का म्हणून शेजारच्या लताबाई दह्याची वाटी घेऊन आल्या. वर्कनेशनं दह्याकडे बघितलं नाही आणि ठेचा दुसऱ्यांदा मागितला. त्या जेवणातच अर्धी ओळख झाली.

सकाळी टेकडी बघून झाली. वर्कनेश प्रत्येक बांधापाशी थांबायची, वरचा दगड हलवून बघायची, हलला नाही की मान डोलवायची. मग तिघी घळीत उतरल्या. त्या खड्ड्याच्या काठाशी ती बराच वेळ बसली, आणि एकाएकी तिनं आत उडी मारली. खड्ड्याच्या भिंतीत, वरच्या बाजूला, घुशीच्या बिळासारखं एक भोक होतं. तिनं त्यात हात घातला. कोपर गेलं, खांदा गेला. गाल मातीला टेकला तरी हात आत जातच होता.

बाहेर येऊन ती प्रज्ञाशी बोलली. प्रज्ञा आईकडे वळली.

"ती म्हणते, दगडाचं काम चोख आहे. जमीन पोकळ आहे."

"पोकळ?"

"उन्हाळ्यात काळीला भेगा पडतात ना, त्या खूप खोल जातात. पावसाळ्यात वरून मिटतात, आतून मिटत नाहीत. आतल्या आत पाणी वाट करतं. नळासारखी. ते तुझ्या बांधाच्या वरून आलंच नाही, आई. खालून गेलं आणि बांधाखालची माती घेऊन गेलं. त्यांच्याकडेही असंच होतं."

द्रौपदाबाईंचा चेहरा उतरला. "मी आठेच, हाई गावम्हा जन्मनी, हाई जमीनवर चालीसन म्हतारी व्हयनी. पोकळ ऱ्हाती तर माले समजतं नही का?"

प्रज्ञानं ते भाषांतर केलं नाही. पण सूर कळायला भाषा लागत नाही. वर्कनेशनं हाताची माती झटकली आणि ती घराच्या वाटेला लागली.

संध्याकाळी द्रौपदाबाई एकट्याच पुन्हा घळीवर जाऊन आल्या. त्यांनीही त्या भोकात हात घालून बघितला. सकाळी चहा पिताना त्या प्रज्ञाला म्हणाल्या, "तिले सांग, खरं-खोटं पानीच सांगी. ट्रॅक्टरवाला वनाले टँकर आनाले लाव. आनि दुकानमधून गेरू आन, पाच किलो."

ही कल्पना वर्कनेशची नव्हती. तिला सांगितली तेव्हा ती टाळी वाजवून हसली.

वनाचा ट्रॅक्टर टँकर घेऊन भटू नानांच्या वावरात आला. हरभरा नुकताच निघाला होता, जमीन उघडी होती. घळीपासून साठेक पावलांवर एक भेग होती, विळा मुठीसकट आत जाईल अशी. वनानं टाकीत गेरू कालवला आणि पाईप त्या भेगेत सोडला. बघायला निम्मं गाव जमलं. वर्कनेश आणि प्रज्ञा खाली घळीत उभ्या राहिल्या, द्रौपदाबाई वर भेगेपाशी.

भेग लाल पाणी पीत राहिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. अर्धा टँकर संपला. कुणीतरी म्हणालं, इतक्या पाण्यात मिरचीचं रोप जगलं असतं. लोक हसले. द्रौपदाबाईंची नजर भेगेवरून हलली नाही.

घळीतून प्रज्ञाची हाक आली. "आई! ऊनं! लाल पानी ऊनं!"

शहरात राहून तिची बोली सुटत चालली होती, ती त्या हाकेत आपोआप परत आली. द्रौपदाबाई धावतच खाली उतरल्या. खड्ड्याच्या भिंतीतल्या भोकातून मनगटाएवढी लाल धार पडत होती. त्यांनी तिच्याखाली हात धरला. तळवा लाल झाला. दोन वर्षं त्या मनात धरून बसल्या होत्या की आपला हात गेला, वय झालं, कुठंतरी दगड चुकीचा बसला. दगड बरोबर बसला होता. त्यांनी लाल हात पदराला पुसला आणि वर्कनेशला म्हणाल्या, "मंग आते उपाय सांग."

उपाय तिच्या गावाकडे करून बघितलेला होता. नुसता दगडी बांध घालून भागत नाही. बांधाच्या पाठीमागे, घळीच्या आडवा, खाली मुरूम लागेपर्यंत चर खणायचा. त्यात जाड प्लास्टिकचा पडदा उभा करायचा, तळ मुरमात दाबायचा, दोन्ही टोकं काठांत खोल घालायची, आणि ओली चिकण माती ठासून चर बुजवायचा. म्हणजे जमिनीखालच्या वाटा बंद होतात. पाणी वरच्या अंगाला अडतं, जमीन ओली राहते, आणि ओल्या जमिनीला भेगाच कमी पडतात.

उजव्या काठाची जमीन गावाची होती. डावा काठ भटू नानांचा. नाना अडुसष्ट वर्षांचे, तालेवार घरातले, बोलायला तिखट. लाल धार त्यांनी स्वतः बघितली होती आणि तेव्हापासून ते अस्वस्थ होते. आपल्या वावराखाली काय काय पोकळ आहे, हा विचार त्यांना काही सुचू देत नव्हता. तरी द्रौपदाबाई विचारायला गेल्या तेव्हा ते ओट्यावर बसल्या बसल्याच नाही म्हणाले.

"तुना दोन बांध गयात. आते तिसराकरता मना वावरम्हा पुरुषभर चर खनशी?"

"दोन गयात हाई खरं शे, नाना. म्हनीसन तर इचाराले ऊनी."

"दुसरीकडे खन."

"घळ दुसरीकडे नही शे."

नानांच्या सुनेला आत हसू आलं, ते बाहेर ऐकू आलं. नाना आणखी चिडले. "हद्दीना दगडपर्यंत खन. मना वावरम्हा एक टिकाव पडना नही पाहिजे."

वर्कनेशचं म्हणणं होतं की पडदा दोन्ही काठांत किमान आठ हात आत जायला हवा. हद्दीच्या दगडापर्यंत डाव्या बाजूला मिळत होते तीन हात. ती म्हणाली, मग नको, थांबू या, त्यांचं मन वळेपर्यंत. द्रौपदाबाई ठाम होत्या. "मे महिना लागी ग्या की जमीन लोखंड व्हस. तीन हात तर तीन हात. उरेल काम पानी दखाडी."

प्लास्टिकसाठी त्या तिघी दोंडाईच्याला गेल्या. तिथं निर्मलकुमार यांचं पाईप आणि ठिबकचं दुकान. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले होते, आणि आता तालुक्यातल्या निम्म्या शेततळ्यांना लागणारा कागद त्यांच्याकडूनच जायचा. शेततळ्याच्या तळाशी अंथरायच्या त्या जाड काळ्या प्लास्टिकला सगळे कागदच म्हणतात.

"केवढं शेततळं आहे?" त्यांनी विचारलं.

"शेततळं नाही, शेठ. उभा लावायचाय," प्रज्ञा म्हणाली.

"उभा? कागद आडवा अंथरतात, ताई."

वर्कनेशनं त्यांच्याच पावतीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. निर्मलकुमार चष्मा काढून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "दोन तुकडे जोडता कसे?" वर्कनेश म्हणाली, कडा एकावर एक दुमडतो आणि वर माती दाबतो. "तिथूनच गळत असणार तुमचं," ते लगेच म्हणाले. "आमच्याकडे जोड गरम करून चिकटवायचं मशीन आहे. माणूस पाठवतो." वर्कनेशनं ते वहीत लिहून घेतलं. निघताना त्यांनी पाहुणीचं नाव विचारलं. प्रज्ञानं सांगितलं, वर्कनेश म्हणजे 'तू सोनं आहेस'. "मग इथं काय करताय? जळगावच्या सराफ बाजारात न्या यांना," निर्मलकुमार म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले. रविवारी मशीनवाल्याबरोबर तेही आले, बूट काढून चरात उतरले, आणि प्रत्येक जोड नखानं उचकटून बघितला.

काम अकरा दिवस चाललं. मधला खोल चर जेसीबीनं खणला, काठांकडचा हातानं. नऊ फुटांवर मुरूम लागला. काळा पडदा उभा राहिला तेव्हा वरून बघणाऱ्यांना ते विचित्रच वाटलं, जमिनीत गाडलेल्या तंबूसारखं. माती ठासून झाल्यावर द्रौपदाबाईंची पाळी आली. दगड त्यांनी पूर्वीच्याच बांधाचे घेतले, खड्ड्यातून एकेक वर काढून. शेवटून चौथ्या दिवशी दोघींचं पुन्हा वाजलं. वर्कनेशच्या नकाशात बांध काठाला टेकून संपत होता. द्रौपदाबाईंनी काठ आणखी खोदायला लावला.

"बांधले हात ऱ्हातस," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत काठाच्या मातीत खुपसून दाखवला. "आठेपर्यंत, कोपरपर्यंत आत पाहिजेत. आनि मध्ये बांध बुटका, काठकडे उंच. पानीले मधूनच जावाले लागी. नही तर ते काठ खाई जास. मना पहिला बांध असाच गया."

प्रज्ञानं ते सांगितल्यावर वर्कनेशनं फोन काढला आणि तिच्या गावाकडचे फोटो दाखवले. एकामागून एक बांध, सगळे काठाशी फुटलेले. खालचा पडदा शाबूत, वरचा बांध बाजूनं गेलेला. "दर दोन-तीन वर्षांनी असं होतं," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, पाऊसच जास्त." मग तिनं फोन ठेवून दिला, टिकाव उचलला आणि ती डावा काठ खोदायला लागली. हद्दीच्या दगडापाशी येऊन ती थांबली. पलीकडे भटू नाना खाटेवर बसून बघत होते.

मार्चच्या मध्याला वर्कनेश परत गेली. निघताना तिनं द्रौपदाबाईंच्या दोन्ही गालांना तीनदा गाल लावले. द्रौपदाबाईंना ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी तिच्या ओटीत हरभरे घातले.

जून कोरडा गेला. जुलैत नेहमीसारखे पाऊस झाले आणि बांधामागे गुडघाभर पाणी साठून जिरून गेलं. बांधाच्या पायाशी कुठं भोक पडलं नाही. चावडी वाट बघत होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परतीच्या पावसानं टेकडीला दोन दिवस झोडपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस जरा थांबल्याबरोबर द्रौपदाबाई डोक्यावर पोत्याचा घोंगता घेऊन घळीकडे निघाल्या.

लांबूनच आवाज आला. बांध काठोकाठ भरला होता आणि पाणी बरोबर मधल्या बुटक्या भागावरून, दोन बैलगाड्यांच्या रुंदीनं, खालच्या दगडांवर पडत होतं. त्या उजव्या काठानं उतरल्या. पायथा बघितला, रचलेला दगड हातानं चाचपला. सगळं जागेवर होतं. मग त्या घळीच्या टोकाला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या.

तिथं काठाच्या मातीतून, बांधापासून तीन हातांवर, एक धार येत होती. करंगळीएवढी, पण गढूळ. गढूळ म्हणजे माती घेऊन येणारी. पडदा जिथं संपला होता, बरोबर तिथूनच. द्रौपदाबाईंनी आसपासचं गवत उपटून बोळे केले, चिखलात घोळवून भोकात दाबले. पाणी त्यांच्या बोटांमधून बाहेर येत राहिलं. त्या पुन्हा दाबायला वाकल्या तेव्हा वरून कुणीतरी रिकामी गोणी खाली टाकली.

भटू नाना काठावर उभे होते, धोतर गुडघ्यांवर खोचलेलं, हातात फावडं. ते खाली उतरले. दोघांनी गोणीत चिखल भरून ती भोकावर बसवली, वर आणखी तीन गोण्या रचल्या. धार बारीक झाली. नाना दम खात बसले.

"आठेच मी तुले थांबाडं व्हतं," ते हद्दीच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले.

द्रौपदाबाईंना खोटं बोलणं जमत नव्हतं. "हा, नाना. आठेच."

"वाफसा ऊना की खन. पाहिजे तितलं आत जा."

"कपाशी उभी शे तुमनी."

"माले दिखस."

आठवड्यानं चिखल सुकून वाफसा आला. त्या माणसं घेऊन गेल्या तेव्हा नानांनी काठालगतच्या कपाशीच्या सहा ओळी स्वतःच्या हातानं काढून बाजूला टाकलेल्या होत्या. बोंडं धरलेली झाडं होती ती. द्रौपदाबाईंनी तिथूनच चर आखायला घेतला. निर्मलकुमारांचा माणूस मशीन घेऊन आला. जुन्या पडद्याला नवा तुकडा जोडला गेला आणि आठ नाही, दहा हात आत गेला. माती ठासायला नाना स्वतः चरात उतरले. माती नीट ओली नाही म्हणून ते दोनदा खेकसले.

घळीच्या टोकाशी प्रज्ञानं मार्चमध्ये लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, घळ किती सरकते ते मोजायला. दिवाळीत ती घरी आली तेव्हा बघायला गेली. सगळ्या खुंट्या जशाच्या तशा मातीत होत्या. नानांच्या विहिरीला दोन हात पाणी जास्त होतं. तिनं खुंट्यांचे फोटो वर्कनेशला पाठवले, आणि काही मिनिटांत तिकडून व्हिडिओ कॉल आला. द्रौपदाबाई आणि वर्कनेश एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. प्रज्ञानं भाषांतर करायचं सोडून दिलं.

डिसेंबरात जळगावच्या संस्थेत बैठक झाली. इथिओपियाच्या केंद्रानं काठाचं काम शिकवायला माणूस मागितला होता. टेबलावर तीन अभियंत्यांची नावं होती. प्रज्ञा आईचं नाव घेणार नव्हती. घेतलं असतं तर लोक काय म्हणतील ते तिला माहीत होतं. व्हिडिओ कॉलवर तिकडची माणसं बसली होती, त्यांत वर्कनेश. साहेब पहिलं नाव वाचायला लागले तेव्हा वर्कनेशनं हात वर केला.

"माफ करा," ती म्हणाली. "या तिघांनी हातानं किती बांध बांधलेत?"

साहेबांनी कागद चाळले. कागदात तशी माहिती नव्हती.

"आम्हाला नकाशे येतात," वर्कनेश म्हणाली. "दगड कुठे हलतो ते ज्या हाताला कळतं तो हात हवा आहे. तुमच्याकडे तो आहे, आणि त्याला दुभाष्याही घरचाच आहे."

साहेब प्रज्ञाकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईचा पासपोर्ट आहे का?"

नव्हता. तो काढताना जन्मतारखेवरून बरीच धावाधाव झाली, शेवटी शाळेच्या जुन्या दाखल्यावर भागलं. जानेवारीच्या शेवटी मायलेकी निघाल्या. भटू नाना दोंडाईच्याच्या स्टेशनवर आले होते. त्यांनी द्रौपदाबाईंना विचारलं, तिकडं थंडी असते म्हणतात, घोंगडी घेतलीस का. घेतली होती.

तिकडचं पठार खूप उंच होतं. पहिले दोन दिवस चढावर त्यांना धाप लागली. टेकडीचा खडक मात्र त्यांनी उतरल्या उतरल्या ओळखला. हातोडीनं एक तुकडा फोडून प्रज्ञाला दाखवला. "आपलाच शे." आंबवलेल्या पिठाची मोठी, जाळीदार भाकरी त्यांना पहिल्या दिवशी आंबट लागली, तिसऱ्या दिवशी आवडायला लागली.

इथली घळ आमळखेड्याच्या घळीपेक्षा तिप्पट मोठी होती. काम करायला पन्नासेक बायामाणसं जमली होती. आणि एक अडचण होती. दगड वेगळे होते, पातळ फरश्यांसारखे. आमळखेड्याच्या गोलसर दगडांची रीत इथं चालेना. बांधाचा पहिला हात काठात घालून त्या मागे झाल्या आणि बघतात तर वरचा थर सरकला. लोक कुजबुजले. द्रौपदाबाईंनी तो सगळा थर काढायला लावला. मग त्यांनी गर्दीत बघितलं. एका म्हातारीचे तळवे त्यांच्यासारखेच घट्टे पडलेले होते. तिला त्यांनी हातानं खूण करून पुढे बोलावलं आणि प्रज्ञाला म्हणाल्या, "हिले इचार, घरनी भिंत कशी रचतस."

म्हातारीनं दाखवलं. फरश्या आडव्या न ठेवता थोड्या आतल्या अंगाला कललेल्या, दोन सांध्यांवर तिसरी. द्रौपदाबाईंनी एक रचून बघितली, पाय देऊन उभ्या राहिल्या. हलली नाही. मग त्यांनी काठ किती खोल खणायचा, मधला भाग किती बुटका ठेवायचा ते दाखवलं, आणि रचायचं काम म्हातारीकडे दिलं. वर्कनेश एका बाजूला उभी राहून दोघींची चित्रं वहीत काढत होती.

पंधरा दिवसांत घळीत चार बांध झाले. पहिल्याला द्रौपदाबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या. दुसऱ्याला लोक दर तासाला त्यांना बोलवायचे. शेवटच्या दोनांकडे त्यांना कुणी बोलावलंच नाही. त्या काठावर बसून बिनसाखरेची कडक कॉफी पीत बघत राहिल्या. काठ कोपरभर आत खोदला गेला होता, सांध्यांवर फरशी बसत होती, म्हातारी कुणावर तरी ओरडत होती. एक दगड वाकडा बसतोय असं त्यांना वाटलं, आणि त्या उठणार तेवढ्यात म्हातारीनंच तो काढून फेकला.